कंपासपेटीतल्या गोळ्या : एका बालगृहातील प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

फोंड्याच्या परिसरातील एका नोंदणीकृत बालगृहात हे प्रकरण घडले. त्या काळात तेथील स्वयंसेवकांच्या कामाचा समन्वय माझ्याकडे होता. मुलीचे नाव, घरच्या माणसांचे तपशील आणि काही ओळखखुणा बदलल्या आहेत. घटनांचा क्रम आणि घेतलेले निर्णय मात्र जसे होते तसेच ठेवले आहेत.

या बालगृहात बालकल्याण समितीच्या आदेशाने आलेली मुले राहतात. काहींचे आईवडील वारले आहेत, काहींना कुणी इस्पितळात किंवा बसस्थानकावर सोडून गेले आहे. त्यांपैकी काही मुले एचआयव्हीसह जगतात, काहींना तो संसर्ग नाही; सगळी एकाच पंगतीत जेवतात आणि एकाच खोल्यांत झोपतात. कोणाला काय आहे हे अधीक्षिका, परिचारिका आणि रात्री औषध देणाऱ्या मावशी एवढ्यांनाच ठाऊक असते. शिकवायला येणाऱ्या स्वयंसेवकांना ते सांगितले जात नाही. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याच्या कलम ८ नुसार संमतीशिवाय कोणाच्याही संसर्गाची माहिती उघड करता येत नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर ही संमती पालकत्व सांभाळणाऱ्याने द्यायची असते. बाल न्याय कायद्याचे कलम ७४ अशा मुलाची ओळख पटेल असे काहीही प्रसिद्ध करण्यास मनाई करते. त्यामुळे येथे फोटो काढू दिले जात नाहीत, प्रत्येक स्वयंसेवकाची पोलीस पडताळणी होते आणि शिकवणी उघड्या व्हरांड्यात, दुसऱ्या मोठ्या माणसाच्या नजरेसमोर चालते. ही शेवटची अट काहींना अपमानाची वाटते. गोव्यात तरी ती वाटू नये. अनाथाश्रमाच्या आडून मुलांचे लैंगिक शोषण करणाऱ्या माणसाला मडगावात १९९६ साली जन्मठेप झाली, हे येथे फार जुने झालेले नाही.

वैष्णवी सहा वर्षांची असताना या बालगृहात आली. आधी आई गेली, मग वडील. आईची आई सत्तरी तालुक्यात मामाच्या घरी राहते. तिला मुलगी हवी होती, पण वय झालेले आणि घर दुसऱ्याच्या हातात, म्हणून समितीपुढे तिने स्वतःच बालगृहाची विनंती केली. दरवर्षी चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, वैष्णवी पाच दिवस आजीकडे जात असे. औषध बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीवरील औषधोपचार देणाऱ्या केंद्रातून, येते. देशात हे उपचार सरकारकडून १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळतात आणि लहान मुलांसाठीचा वेगळा कार्यक्रम २००६ साली सुरू झाला. वैष्णवीने सुरुवातीची वर्षे लोपिनाव्हिर-रिटोनाव्हिरच्या अतिशय कडू औषधावर काढली. पुढे डोल्युटेग्रॅव्हिर असलेल्या गोळ्या आल्या, त्या रात्री एकदाच घ्यायच्या असतात आणि कडूही लागत नाहीत. त्यानंतरच्या तपासणीत तिचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूंचे प्रमाण, मोजता येणार नाही इतका खाली गेला होता.

तिला शिकवायला येणाऱ्या बाई निवृत्त प्राथमिक शिक्षिका. हयात मराठी शाळेत गेलेली. गोव्यात चौथीपर्यंत मराठीत शिकलेले मूल पाचवीला बहुधा इंग्रजी माध्यमात जाते आणि त्या एका वर्षात हुशार मुलेही गप्प होतात. बाईंनी हेच काम मागून घेतले होते: गणित आणि शास्त्र आधी मराठीत समजावायचे, मग तेच इंग्रजीत वाचून घ्यायचे. मंगळवार आणि शनिवार, दुपारच्या कदंब बसने येणे, संध्याकाळच्या बसने परत जाणे. भर पावसातही त्या चुकल्याचे मला आठवत नाही. वाढदिवसाचा केक घेऊन येणारे पाहुणे बालगृहाला पुष्कळ मिळतात, त्यांचा हेतूही चांगलाच असतो, पण पुन्हा येणार की नाही हे ज्याच्याबाबतीत माहीत नाही अशा माणसाला ही मुले काही विचारत नाहीत. बाईंना ती विचारू लागली होती.

अडचण

वैष्णवी सहावीत गेली त्या वर्षी जुलैमध्ये तिची वार्षिक तपासणी झाली आणि व्हायरल लोड हजाराच्या वर निघाला. राष्ट्रीय कार्यक्रमात हजार ही कृतीची रेषा आहे: त्यापुढे आकडा गेला की औषध लगेच न बदलता आधी गोळ्या नीट घेतल्या जातात का याचे सखोल समुपदेशन करायचे आणि साधारण तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा करायची. केंद्रातील डॉक्टरांनी तेच सांगितले. मावशींनी गोळी रोज दिली होती. परिचारिकेने बाटलीतल्या उरलेल्या गोळ्या मोजल्या, तर हिशोब एका गोळीनेही चुकत नव्हता. त्यामुळे काही दिवस सगळ्यांचा समज असा झाला की औषधाचाच परिणाम कमी झाला असावा.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी बाईंनी खोडरबर मागितले आणि वैष्णवीने कंपासपेटी उघडली. कर्कटकाच्या खाली चॉकलेटच्या चांदीच्या कागदात दुमडून ठेवलेल्या गोळ्या होत्या. काहींचे वरचे आवरण लाळेने विरघळून पुन्हा वाळले होते. मुलगी पाणी पीत होती, गोळी गालात धरत होती आणि मावशींची पाठ वळली की काढून घेत होती. बाटलीतला हिशोब बरोबर येण्याचे कारण हेच.

तिने हे का केले, ते तिच्याच तोंडून कळले, आणि या प्रकरणातले सर्वांत शिकण्यासारखे तेच आहे. लहानपणापासून तिला सांगितले होते की ही रक्तवाढीची गोळी आहे. सहावीपासून शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी देतात. सहावी ते बारावीच्या मुलामुलींसाठी तो राष्ट्रीय कार्यक्रमच आहे. शाळेत वर्गशिक्षिकेने वर्गाला समजावले की ही रक्तवाढीची गोळी, आठवड्यातून एक पुरेशी असते. वैष्णवीने विचार केला: रक्तवाढीची गोळी आपल्याला शाळेत मिळते, ती एक पुरते, मग घरची रोजची कशाला? आणि रोजची जर वेगळ्या कशासाठी असेल, तर ती इतर मुलींना का नाही? तिने सरळ विचारले नाही, कारण पूर्वी विचारले तेव्हा विषय बदलला होता. तिने गोळी थांबवून पाहिली. काहीच झाले नाही. ना ताप आला, ना चक्कर आली. तिच्या दृष्टीने प्रयोग यशस्वी झाला होता. अकरा वर्षांच्या मुलीने, तिला दिलेल्या माहितीवरून, याहून वेगळा निष्कर्ष काढणे कठीण होते.

कंपासपेटी बंद करून तिने बाईंना दोन गोष्टी म्हटल्या. "मावशीला सांगू नका." आणि थोड्या वेळाने, "बाई, मला काय झालंय?"

बाईंना तिच्या संसर्गाविषयी कोणीही काही सांगितले नव्हते. त्या क्षणी त्यांना अंदाज आला असणार, पण अंदाज हा अंदाजच असतो. त्यांनी दिलेले उत्तर त्यांनी नंतर नोंदवहीत लिहून ठेवले, ते असे: "तुझा प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर मला माहीत नाही, आणि अंदाजानं मी बोलणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांच्यापर्यंत तो आजच नेते. गोळ्यांचं मात्र मी लपवणार नाही. तुझ्यामागे सांगणार नाही, तुझ्यासमोर सांगेन. चल, दोघी जाऊ." त्या संध्याकाळी दोघी मिळून मावशींकडे गेल्या. अधीक्षिका रजेवर होत्या. मावशींनी त्यांना फोन केला आणि सोमवारी सर्वांची बैठक ठरली. मुलीला रागावायचे नाही, एवढे फोनवरच ठरले.

समोर असलेले पर्याय

पहिली सूचना आली ती देखरेख वाढवण्याची. गोळी दिल्यावर तोंड उघडून दाखवायला लावायचे, दहा मिनिटे शेजारी बसवून ठेवायचे. हे काही दिवसांसाठी करावे लागणारच होते. परंतु तेवढ्यावर थांबणे कोणालाच पटले नाही, कारण पुढच्या महिन्यात चवथ होती आणि मामाच्या घरी तोंड तपासायला कोणी असणार नव्हते. शिवाय ही गोळी आयुष्यभराची आहे. अठराव्या वर्षानंतर पहारा कोण देणार?

दुसरा पर्याय बाईंनीच उत्तर देण्याचा होता. मुलीचा विश्वास त्यांच्यावर होता, प्रश्न त्यांनाच विचारला गेला होता, आणि मावशींचे मत असे पडले की हे बाईंच्या तोंडून गेले तर पोरगी सावरेल. मी याच्या विरोधात होते. कायद्याचा मुद्दा होताच, पण मुख्य कारण वेगळे होते. ही बातमी एकदा सांगून संपत नाही. त्यानंतर महिनोन् महिने, कधी रात्री झोपताना तर कधी बांबोळीच्या रांगेत उभे असताना, प्रश्न येत राहतात. आठवड्यातून दोनदा येणाऱ्या माणसावर त्याचा भार टाकणे बाईंवर अन्याय करणारे होते आणि मुलीसाठी धोक्याचे. अधीक्षिकांनी आणखी एक गोष्ट मांडली: स्वयंसेवक उद्या आजारी पडू शकतो, गाव सोडू शकतो, आणि तो गेला की त्याने सांगितलेली गोष्टही मुलाला पोरकी वाटू लागते.

तिसरा पर्याय म्हणजे एआरटी केंद्राच्या समुपदेशकांनी टप्प्याटप्प्याने सांगणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचना शाळेच्या वयातील मुलांना त्यांचा संसर्ग सांगावा आणि त्याहून लहानांना समजेल तसे थोडे थोडे सांगत जावे असे म्हणतात. हे बालगृहात सगळ्यांना ठाऊक होते. तरीही वैष्णवीच्या बाबतीत ते पुढे ढकलले गेले होते, आणि त्यामागची भीती निराधार नव्हती. १९८९ साली याच गोव्यात डॉमिनिक डिसोझा या रक्तदात्याला केवळ एचआयव्ही आढळला म्हणून म्हापशातील जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस डांबून ठेवले होते, आणि त्या वेळच्या आरोग्य कायद्यात तशी तरतूदही होती. २०१४ साली रिवण येथे इतर पालकांच्या विरोधामुळे अशाच एका आश्रमातील १३ मुलांच्या शाळेचा प्रश्न उभा राहिला. बालगृह चालवणाऱ्यांच्या मनात या गोष्टी ताज्या असतात. मुलीला सांगितले, तिने मधल्या सुट्टीत मैत्रिणीला सांगितले, मैत्रिणीने घरी सांगितले, आणि महिन्याभरात शाळेच्या दारात पालक उभे, हे चित्र अधीक्षिकांना स्पष्ट दिसत होते. आज एचआयव्ही-एड्स कायद्याचे कलम ३ शिक्षण नाकारायला मनाई करते, परंतु कायदा हाती असणे आणि अकरा वर्षांच्या मुलीने तो वाद झेलणे यांत फार अंतर आहे.

चौथा प्रश्न वेळेचा होता. चवथीआधी सांगावे की नंतर? आधी सांगितले तर ती ताजी जखम घेऊन मामाच्या घरी जाईल, जिथे फक्त आजीला आणि मामाला माहीत आहे, मामीला आणि मुलांना नाही. नंतर सांगितले तर पाच रात्री गोळी पोटात जाईल याची खात्री नाही. यंदा पाठवूच नये, असेही एक मत आले. वैष्णवीची त्यावरची प्रतिक्रिया न विचारताही माहीत होती. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या लाकडी चौकटीला, बांधायच्या फळांची नावे ती जूनपासून घोकत होती. वर्षातून एकदा आपल्या घरच्या माणसांत असण्याचा तिचा हक्क औषधाच्या सोयीसाठी काढून घेणे मला मान्य नव्हते, आणि त्या बैठकीत मी ते ठामपणे मांडले.

प्रत्यक्षात काय केले

निर्णय दोन भागांत झाला. चवथीपूर्वी गोळीचे खरे काम सांगायचे, आजाराचे नाव नाही. परत आल्यावर नाव. अधीक्षिकांनी लेखी संमती दिली आणि आजीचे मतही घेतले. पहिली बैठक बांबोळीला झाली, मावशी सोबत होत्या. समुपदेशक ताईंनी सुरुवात माफीने केली: ही रक्तवाढीची गोळी नाही, तुला चुकीचे सांगितले गेले, यापुढे तू विचारशील ते खरेच सांगू. मग त्यांनी गावच्या राखणदाराची, म्हणजे गावाचे रक्षण करणाऱ्या देवाची, गोष्ट घेतली. प्रत्येकाच्या रक्तात राखणदार असतात. तुझ्या रक्तात एक विषाणू आहे, तो या राखणदारांनाच धरतो. गोळी त्याला झोपवून ठेवते, मारत नाही, म्हणून ती रोज लागते. शाळेतली निळी गोळी वेगळी, तीही घ्यायची, पण दुपारी, जेवणानंतर. या शेवटच्या सूचनेला वैद्यकीय कारण आहे: लोह आणि डोल्युटेग्रॅव्हिर रिकाम्या पोटी एकत्र घेतले तर औषध नीट शोषले जात नाही. दुपार आणि रात्र यांत अंतर असल्याने वैष्णवीच्या बाबतीत तो धोका नव्हता. सत्तरी तालुक्यातल्या मुलीला राखणदार समजावून सांगावा लागत नाही. तिने एकच विचारले, "मी गोळी घेतली नाही तेव्हा तो जागा झाला का?" ताई म्हणाल्या, "हो, झाला. पण पुन्हा झोपतो." त्या रात्रीपासून तिने गोळी मावशींच्या समोर, आपणहून, जीभ दाखवून घेतली.

आजीकडे मी आणि परिचारिका गेलो. चूल पेटलेली होती आणि आजीने आमच्यापुढे चहा ठेवला, पण वैष्णवीचे ताट आणि पेला वेगळ्या फळीवर होता, तो आम्हाला तिथे बसल्याबसल्या दिसला. आजीचे प्रेम शंकेपलीकडचे होते. इस्पितळात लेकीच्या वेळी कुणीतरी तिला तसे सांगितले होते आणि तिने ते मनाशी धरले होते. एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने, एकाच विहिरीचे पाणी प्याल्याने, डास चावल्याने हा संसर्ग होत नाही, हे परिचारिकेने सावकाश सांगितले. आजी बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे बाय इतकी वर्षं उगाच वेगळी जेवली." गोळीसाठी आम्ही छापील तक्ता नेला होता, पण तो कोणी पाहिला तर प्रश्न येतील म्हणून आजीनेच पर्याय काढला: भिंतीवरच्या कालनिर्णयात, त्या त्या तारखेला, पेन्सिलीची छोटी फुली. चवथीच्या पाचही तारखांवर फुल्या होत्या.

परत आल्यावर दुसऱ्या आठवड्यात नाव सांगितले. वैष्णवीने ते ऐकले होते, शाळेत एड्सदिनाच्या फलकावर वाचले होते. ती रडली नाही, बराच वेळ मावशींच्या पदराचे टोक पिळत राहिली. मग तिचे प्रश्न आले, आणि ते तिन्ही तिने मनात तयार केलेले असावेत इतके सरळ होते. आई याच्यानेच गेली का? हो. आईमुळे मला झालं का? ताई म्हणाल्या, "तुझ्या आईला स्वतःलाच माहीत नव्हतं. तिची तपासणी वेळेवर झाली असती तर औषध देऊन तुला वाचवता आलं असतं. ती तुला काही मुद्दाम देऊन गेली नाही." तिसरा प्रश्न होता, मी किती वर्षं जगेन? रोज गोळी घेतलीस तर इतरांसारखीच म्हातारी होशील, शिकशील, नोकरी करशील, लग्न करायचे असेल तर तेही करता येईल, असे उत्तर मिळाले. ते दिलासा देण्यापुरते उत्तर नव्हते. आजच्या औषधांबद्दल ते खरे आहे.

तिसऱ्या बैठकीत वैष्णवीने बाईंना बोलवायचे म्हटले. यावर पुन्हा चर्चा झाली. अधीक्षिका साशंक होत्या, पण माहिती वैष्णवीची होती आणि सांगायची इच्छाही तिचीच होती. बाल न्याय कायद्याच्या मूलतत्त्वांत मुलाचे म्हणणे ऐकून घेणे आहेच. संमतीपत्र झाले आणि बाई आल्या. वैष्णवीने स्वतः सांगितले, दोन वाक्यांत. बाई म्हणाल्या, "तू सांगितलंस, बरं केलंस. आता पूर्णांक-अपूर्णांक राहिलेत, ते मंगळवारी." त्या तेव्हा फार कोरड्या वागल्या असे मावशींना वाटले. माझे मत उलट आहे. या बातमीने आपल्यातले काहीही बदललेले नाही, हे मुलीला कळायला त्याहून चांगले वाक्य मला सुचत नाही.

परिणाम

ठरल्याप्रमाणे पुन्हा चाचणी झाली तेव्हा व्हायरल लोड हजाराच्या खाली आला होता आणि पुढच्या तपासणीत तो पुन्हा मोजता येणार नाही इतका खाली गेला. डोल्युटेग्रॅव्हिरला दाद न देण्याइतका विषाणू सहजासहजी बदलत नाही, म्हणून काही आठवड्यांच्या खंडानंतरही तेच औषध पुरे पडले. जुन्या औषधांवर हीच गोष्ट घडली असती तर परिणाम इतका सुखरूप झाला असता असे सांगता येत नाही.

शाळेत काहीही फुटले नाही. अधीक्षिकांची भीती खरी ठरली ती वेगळ्या जागी: वैष्णवीने आपल्या खोलीतल्या नऊ वर्षांच्या मुलीला सांगितले, कारण तीही रात्री गोळी घेते हे तिला दिसत होते. त्या लहान मुलीला तोवर काहीच सांगितलेले नव्हते. मावशींनी वैष्णवीला दोष दिला नाही. तुझी माहिती तुझी आहे, पण दुसरीची माहिती तिची आहे, एवढेच तिला समजावले. मुलीला ते पटले, आणि मला वाटते की हा फरक अनेक मोठ्या माणसांपेक्षा तिला अधिक स्पष्ट आहे.

मामाच्या घरची बाजू मात्र सुधारली नाही. आजीने ताट वेगळे ठेवणे थांबवले. मामीला त्यातून काय जाणवले कोण जाणे, पण त्या शिगम्याला, म्हणजे होळीच्या सणाला, वैष्णवीला बोलावणे आले नाही आणि कारणही कळवले गेले नाही. पुढच्या चवथीला आजी स्वतः बसने बालगृहात आली, दुपारभर बसली, खतखते घेऊन आली होती. समितीला याचा अहवाल गेला आहे. मामीला सांगावे की नाही हा निर्णय आता वैष्णवीशिवाय घेतला जाणार नाही, आणि सध्या ती नको म्हणते.

पुढच्या वर्षी बाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि त्या बराच काळ आल्या नाहीत. वैष्णवीचे गणित घसरले. गोळी एकही चुकली नाही. माझ्या दृष्टीने पूर्ण प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निकाल हाच, कारण दुसरा पर्याय निवडला असता तर या दोन गोष्टी एकत्र घसरल्या असत्या.

निर्णयाचे टप्पे, आणि वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी, रक्तवाढीची गोळी हे नाव. सात वर्षांच्या मुलाला विषाणूचे नाव सांगायची गरज नसते, पण खोटे नाव देण्याचीही नसते. "ही गोळी तुला आजारी पडू देत नाही" एवढे खरे वाक्य त्या वयाला पुरते आणि पुढे त्यावर भर घालता येते. खोटे नाव कधीतरी शाळेत, टीव्हीवर किंवा औषधाच्या दुकानात खऱ्या वस्तूशी आदळतेच. येथे ते निळ्या गोळीशी आदळले. ही टक्कर आधी ओळखता आली असती: मूल सहावीत जाण्यापूर्वी शाळेत कोणत्या गोळ्या मिळणार हे बालगृहाला माहीत होते. आता पाचवीच्या सुट्टीतच पहिली बैठक व्हावी, असा नियम आहे.

उरलेल्या गोळ्या मोजून मिळणारा दिलासा किती पोकळ असू शकतो, हेही यातून दिसले. बाटली रिकामी होणे म्हणजे पोटात जाणे नव्हे. आकडा वाढल्याबरोबर मुलीला कोणीतरी शांतपणे, न रागावता विचारायला हवे होते की गोळी घेताना काय होते. त्या काही आठवड्यांत सगळे औषधाकडे बघत राहिले, मुलीकडे कोणी पाहिले नाही.

बाईंचे व्हरांड्यातले उत्तर योग्यच होते, पण ते त्यांच्या स्वभावातून आणि शाळेतल्या अनुभवातून आले. दुसरा कोणी स्वयंसेवक असता तर त्याने घाबरून "कोणाला सांगणार नाही" असे वचन दिले असते, किंवा दयेपोटी अंदाज बोलून टाकला असता. यापैकी कोणतीही गोष्ट निस्तरायला वर्ष लागते. म्हणून आता प्रत्येक स्वयंसेवकाला पहिल्याच दिवशी तीन गोष्टी तोंडपाठ करवल्या जातात: गुपिताचे वचन द्यायचे नाही, मुलाच्या प्रश्नाला चुकीचा म्हणायचे नाही, आणि प्रश्न त्याच दिवशी अधीक्षिकांपर्यंत न्यायचा, शक्यतो मुलाला सोबत घेऊन.

स्वयंसेवकाची काळजी घेण्यात मात्र व्यवस्था उणी पडली. त्या शनिवारी बाई एकट्या बसने घरी गेल्या आणि सोमवारपर्यंत कोणी त्यांना फोन केला नाही. कायद्याने त्यांना काही सांगता येत नव्हते हे खरे, पण "तुम्ही कशा आहात" हे विचारायला कोणताही कायदा आडवा येत नाही. अशा प्रसंगानंतर त्याच रात्री समन्वयकाने स्वयंसेवकाशी बोलणे आता नियमात घातले आहे.

चवथीआधी अर्धे आणि नंतर पूर्ण, हा क्रम बरोबर होता का, यावर आमच्यात अजून मतभेद आहेत. समुपदेशक ताईंचे म्हणणे, नाव आधीच सांगितले असते तर आजीशी वैष्णवीला मोकळेपणाने बोलता आले असते, आईविषयीचे प्रश्न तिथेच, आईच्या घरात, विचारता आले असते. अधीक्षिकांचे म्हणणे, पाच दिवस मुलांनी भरलेल्या घरात ते ओझे नको होते. वैष्णवीला मी काही महिन्यांनी विचारले. ती म्हणाली, आधीच सांगायला हवं होतं, मला तेव्हाही अर्धं कळलंच होतं. तिचे हे मत पुढच्या मुलांच्या फाईलमध्ये पहिल्या पानावर लावले आहे.

आजीच्या घरी जाण्याला उशीर झाला. मुलगी बालगृहात आली त्या वर्षीच ती भेट झाली असती तर वेगळ्या ताटाची पाच वर्षे टळली असती. नातेवाईक अजूनही मुलाला बोलावतात, ही आमच्याकडच्या मुलांत दुर्मीळ गोष्ट आहे. अशा घराला वेळ आणि माहिती देणे हे स्वयंसेवकांनाही करता येण्यासारखे काम आहे, अर्थात मुलाच्या संसर्गाबद्दल ज्यांना आधीच माहीत आहे अशाच नातेवाइकांच्या बाबतीत आणि परिचारिका सोबत असताना.

वैष्णवीच्या खोलीतल्या त्या नऊ वर्षांच्या मुलीचे काम ताईंनी लगेच हाती घेतले. तिच्या गोळीला कधीच खोटे नाव दिले गेले नव्हते, त्यामुळे मागे घ्यायचे असे काही नव्हते. ती टाकून दिलेली असल्याने आईविषयीच्या प्रश्नांना आमच्याकडे माहितीच नाही, ही तिच्या बाबतीतली वेगळी अडचण आहे, आणि तिला काय उत्तर द्यायचे यावर बालकल्याण समिती, ताई आणि मावशी यांची चर्चा चालू आहे.